दोन लातूर

नांदेडला मावशीच्या घरी राहायला गेले ती इंजिनीअर व्हायला, पण पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं की आधी टेलिफोनवाली व्हावं लागणार. काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते, म्हणून गल्लीतला पहिला फोन त्यांच्या घरी आला, आणि आला त्या दिवसापासून तो त्यांचा राहिलाच नाही. गल्लीतल्या लोकांनी लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर, पोरांच्या नोकरीच्या अर्जांवर मावशीचा नंबर घातला आणि पुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरं जोडली. त्या अक्षरांचा अर्थ विचारला तर एकालाही सांगता आला नसता, पण मतलब सगळ्यांना ठाऊक होता: फोन यांच्याकडे, माणूस शेजारी. मी शिरूर अनंतपाळची. आमच्याकडे फोन म्हणजे पोस्टातली वस्तू. इथे तो दिवाणखान्यात, क्रोशाच्या रुमालाखाली, आणि सकाळी सहापासून सुरू. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्यावर ऐकू यायचं, मग मावशीच्या आंघोळीची बादली, मग फोनची घंटा. त्या वेळी मावशी लिंगपूजेला बसलेली असायची आणि पूजा होईपर्यंत बोलत नसे, म्हणून पहिले चार-पाच फोन माझ्या वाट्याला. एका हातात रिसीव्हर, दुसऱ्या हातात सुशीलाची बशी. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेले चुरमुरे, त्यावर कांदा-मिरचीची फोडणी, शेंगदाणे आणि डाळव्याचं कूट. लातूर-नांदेडबाहेरच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो 'ही कोण बाई?' म्हणून विचारतो, म्हणून फोडून सांगितलं.

मावशीची शाळा चौथीपर्यंत झालेली, पण फोनच्या बाबतीत तिची शिस्त कलेक्टर कचेरीला लाजवील अशी. कुणाचा फोन आला की ती आधी विचारायची, "कोन पायजे?" मग "कुणाच्या घरचं?" मग सांगायची, "धा मिनिटांनी करा." तेवढ्यात त्या माणसाला आणायचं. आता माणूस घरी थोडाच बसून असतो? पण गल्लीतली माणसं मावशीच्या खिडकीखालून जाताना ओरडूनच जायची. "मावशी, मी गिरणीवर हाय हो!" "मावशी, दवाखान्यात चालले, माझ्या लेकाचा फोन आला तर तिकडं धाडा!" मावशी आतूनच "हाव" म्हणायची आणि ते तिच्या डोक्यात बसायचं. एखादीने न सांगता दोन गल्ल्या पलीकडच्या बहिणीकडे मुक्काम ठोकला आणि तिचा फोन चुकला, तर मावशी दुसऱ्या दिवशी तिलाच फैलावर घ्यायची. "तू कुठं हाईस ते तू सांगायचं. मी काय अंतर्यामी हाय?" मला या सगळ्या आरडाओरड्याची तेव्हा लाज वाटायची. वर्गातलं कुणी घरी येऊ नये म्हणून मी नाना सबबी सांगायचे.

कॉलेजात आमच्या लॅबमध्ये चार कॉम्प्युटर होते. तीन हिरव्या पडद्यांचे आणि एक रंगीत. खान सरांनी शेवटच्या वर्षाला सदाशिवला आणि मला एकत्र प्रकल्प दिला: ही यंत्रं तारांनी जोडायची आणि एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जाण्याचे नियम स्वतः ठरवायचे. तयार नियम पुस्तकातून उचलायचे नाहीत. "बेटा, पुस्तकातला कायदा पाठ होतो, समजत नाही," सर म्हणायचे. मधोमध एक यंत्र ठेवलं. त्याच्या पाठीमागे तीन भोकं, एक-दोन-तीन असे आकडे घातलेली. प्रत्येक भोकातून एक तार निघून एका यंत्राला जायची. त्या तीन यंत्रांना आम्ही नांदेड, लातूर आणि धर्माबाद अशी नावं दिली, कागदी चिठ्ठ्या डकवल्या आणि धर्माबादहून मिरचीचा भाव लातूरला कळवायचा, असा खेळ मांडला. पडद्यावर एक टायपावं आणि दहा फुटांवरच्या दुसऱ्या पडद्यावर ते उमटावं, यात एवढं नाचण्यासारखं काय, असं आजच्या पोरांना वाटेल. आम्ही पहिल्यांदा 'MIRCHI' हा शब्द उमटला तेव्हा खरंच नाचलो होतो. सदाशिव तर बाकावर चढला होता.

भांडण झालं ते पत्त्यावरून. निरोप कुणाला पाठवायचा हे लिहिताना नेमकं काय लिहायचं? सदाशिव बिलोलीचा, डोक्याने माझ्याहून तल्लख, आणि हे त्याला माहीत होतं हाच त्याचा दोष. तो म्हणाला, भोकाचा नंबर लिहायचा. दोन नंबर म्हणजे लातूर, विषय संपला. मी म्हटलं, तो नंबर भोकाचा झाला, यंत्राचा नाही. आणि यंत्राचा झाला तरी यंत्रात भाव वाचणारा प्रोग्रॅम वेगळा, निरोप वाचणारा वेगळा. घर सापडलं म्हणजे माणूस सापडला असं नव्हे. भोक, यंत्र आणि आतला वाचणारा या तीन गोष्टी आहेत आणि तू तिन्हींना एकच नाव देऊन राहिलास.

"पत्ता म्हंजे जागा," सदाशिव म्हणाला. "जागा हलत न्हाई."

"यंत्र हललं तर?"

"यंत्राला पाय हायत का गिरिजा?"

सगळा वर्ग हसला. मी वहीत दुसरेच नियम लिहून काढले होते: प्रत्येक यंत्राने सुरू होताच आपलं नाव मधल्या यंत्राला सांगायचं, मधल्याने ते कोणत्या भोकातून आलं ते टिपून ठेवायचं, आणि दर अर्ध्या मिनिटाला पुन्हा हजेरी द्यायची. आठ पानं भरली होती. पण हे तुला सुचलं कुठून, असं सरांनी विचारल्यावर 'मावशीच्या खिडकीवरून' असं सांगायची माझी छाती झाली नाही. मी गप्प बसले आणि सदाशिवचा नियम पास झाला. पुढे नोकरीत मी अशा बैठकांना बसले आहे जिथे 'यंत्र कशाला म्हणायचं आणि तारेचं टोक कशाला म्हणायचं' यावर मोठमोठी माणसं तीन-तीन दिवस भांडली. प्रत्येक वेळी मला माझ्या त्या गप्प बसण्याची आठवण येऊन कानशिलं तापायची.

मग बातमी आली की पुण्याहून एक साहेब येणार. त्यांच्या संस्थेकडे दोन मोडेम होते. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरचं बोलणं टेलिफोनच्या तारेवर चढवणारा डबा. त्या काळी आम्ही त्याचं फक्त चित्र पाहिलेलं. साहेब तीन-चार गावची कॉलेजं बघणार होते आणि ज्यांचे नियम नीट चालतील त्यांना ती जोडी देणार होते: एक डबा त्या कॉलेजला, दुसरा त्यांना जोडून हवं त्या गावाला. खान सरांनी अर्जात केव्हाच लातूर लिहून टाकलं होतं. म्हणजे दहा फुटांवरचं कागदी लातूर जाऊन खरं लातूर! मला तीन दिवस जेवण गेलं नाही. मावशीला वाटलं, पोरगी कुणाच्या प्रेमात पडली. तिने आडून आडून सदाशिवच्या घरची चौकशीही केली.

साहेब यायच्या सकाळी आम्ही दोघं लॅबमध्ये पोचलो तर लॅब ओळखू येईना. लॅबचे शिपाई किसनमामा, साठीला टेकलेले, सगळ्यांचे मामा. त्यांनी पहाटे येऊन फरशी पुसली होती, दाराला आंब्याची पानं लावली होती, प्रत्येक यंत्राला हळदीकुंकू लावून मधल्या यंत्रावर झेंडूचा हार घातला होता. आमच्या चिठ्ठ्याही नव्या, ताज्या अक्षरात, जिथल्या तिथे. आम्ही यंत्रं सुरू केली, दिवे लागले, हायसं वाटलं. तेवढ्यात साहेब आलेच. सदाशिवने जरा जास्तच ऐटीत धर्माबादवरून लातूरला मिरचीचा भाव पाठवला. लातूरचा पडदा कोराच राहिला. भाव उमटला नांदेडच्या पडद्यावर. त्याने पुन्हा पाठवला. पुन्हा नांदेड. मी नांदेडहून धर्माबादला पाठवलं तर ते लातूरला. साहेब वाकून एकेक पडदा बघत राहिले. खान सरांनी प्रसंग ओळखला. "साहेब, आधी चहा-नाश्ता घेऊ, प्राचार्य वाट बघतायत," म्हणत त्यांना बाहेर नेलं. जाताना माझ्याकडे बघून त्यांनी फक्त घड्याळावर बोट ठेवलं.

"मामा, तुम्ही यंत्रं हलवली का?" मी विचारलं.

"हलवली की," किसनमामा अभिमानाने म्हणाले. "तुमी पावन्याला बसवनार व्हते दक्षिणेकडं तोंड करून. बरं दिसतंय का ते? म्या समदी रांग फिरवली. आता पूर्वेला तोंड हाय. आन् रंगीत डबा म्होरं घेतला, पावन्याला दिसावा म्हनून. तारा बी लावल्या, ज्याला जी जवळ पडली ती."

सदाशिवने कपाळावर हात मारला. मामांना मात्र आपलं काय चुकलं तेच कळेना, आणि खरं सांगायचं तर चुकलं होतंच कुठे? पाहुण्याला दक्षिणेकडे तोंड करून आपल्याकडे कोण बसवतं? सदाशिव लगेच टेबलाखाली शिरला. तारा पूर्ववत लावायला दोन मिनिटंही लागली नसती. मी त्याचा शर्ट धरून त्याला बाहेर ओढलं. माझा स्वभाव तसा तापट, पण तोपर्यंत तो घरापुरता होता.

"तारा लावू नको," मी म्हटलं. "नियम बदलू."

"याड लागलं का? अर्धा तास हाय हातात!"

"तारा आज लावशील. लातूरच्या कॉलेजात तारा कोण लावणार? तिथं पण एखादे मामा असतीलच की."

मग मी त्याला सगळं सांगितलं: मावशी, खिडकी, गिरणी, दवाखाना, पी. पी. लाज वाटायची ते सगळं, एका दमात. सदाशिव हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. "मंग हे आधी का न्हाई सांगितलं?" एवढंच म्हणाला आणि कीबोर्ड ओढून घेतला. मी वहीची आठ पानं वाचत गेले, तो टायपत गेला. त्याची बोटं अशी चालत होती की माझं वाचणं पुरेना. नावाची हजेरी, टिपण, अर्ध्या मिनिटाची घंटा. आतल्या वाचणाऱ्यांसाठी यंत्राच्या नावापुढे दुसरं नाव. फ्लॉपी एका यंत्रातून काढ, दुसऱ्यात घाल, अशी पळापळ. किसनमामा दारात राखण करत उभे राहिले आणि 'सुशीला संपत आली', 'आता चहा चालू हाय' अशा खबरा देत राहिले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. भीती होतीच, पण वर आनंद उसळत होता.

साहेब परत आले. धर्माबादवरून लातूरला भाव पाठवला आणि तो लातूरलाच उमटला. साहेबांनी मान हलवली. "तारा नीट केल्यात ना?"

"नाही सर," मी म्हटलं. "तारा मामांनी लावल्या तशाच आहेत. हवं तर तुम्ही बदला."

मग त्यांनी खरोखरच कोट काढून खुर्चीवर टाकला आणि टेबलामागे वाकून लातूरची आणि नांदेडची तार एकमेकांच्या जागी खोचली. "आता पाठव." सदाशिवने माझ्याकडे बघितलं. हजेरीला अजून वेळ होता. मी म्हटलं, "सर, अर्धं मिनिट. ते आत्ताच नव्या घरात पोचलेत, अजून सांगायचंय त्यांना." अर्धं मिनिट इतकं मोठं असतं हे मला त्या दिवशी कळलं. मग मधल्या यंत्राच्या पडद्यावर दोन ओळी सरकल्या: लातूर इथे, नांदेड इथे. सदाशिवने कळ दाबली आणि भाव लातूरला उमटला. किसनमामांनी दारातूनच "हर हर महादेव!" अशी आरोळी ठोकली. खान सरांनी तोंडावर रुमाल धरला होता. ते हसत होते की दुसरं काही, मला दिसलं नाही.

पण साहेब पक्के होते. त्यांनी धर्माबादच्या यंत्रासमोर बसून त्याचं नाव पुसलं आणि तिथेही LATUR असं लिहिलं. "आता नांदेडहून लातूरला पाठव." पाठवलेला भाव एकदा या लातूरला गेला. पुन्हा पाठवला तर त्या लातूरला. शेवटची हजेरी ज्याची, त्याचं नाव खरं. आधीच्याला मधलं यंत्र बिनबोभाट पुसून टाकत होतं. हे आमच्या दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं. माझा चेहरा पडला. साहेबांनी पिशवीतून दोन काळे डबे काढले. एक टेबलावर ठेवला, दुसरा परत पिशवीत घातला.

"मी उद्या लातूरला असेन, हा दुसरा घेऊन," ते म्हणाले. "चार वाजता तुमच्या ऑफिसच्या फोनवरून जोडा. दोन लातूर आले तर काय करायचं याचं उत्तर मला यावरूनच कळवा. उत्तर पटलं तर जोडी तुमची. नाही तर मला पुढच्या गावाला जायचंच आहे."

संध्याकाळी सदाशिव पहिल्यांदा मावशीच्या घरी आला. मावशी धपाटे थापत होती. त्याला दह्याबरोबर चार खाऊ घातल्यावर तिने विचारलं, तोंडं का पाडलीत? मी सांगितलं, एका नावाचे दोघं आले तर कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं ते ठरत नाही.

"काढायचं कशाला?" मावशी म्हणाली. "आपल्या गल्लीत दोन काशीबाय हायत. दुसरी काशीबाय रहायला आली म्हनून म्या पैलीला मारून टाकते का? इचारते की, कुणाच्या घरची. वाण्याच्या घरची ही, मास्तरच्या घरची ती. दोघी बी सुखानं नांदून राहिल्यात."

सदाशिवचा घास हातातच राहिला. आम्ही तिथेच, पिठाच्या डब्यावर वही ठेवून, दोन पानं लिहिली: मधल्याने आधीचं नाव पुसू नये, नव्याला विचारावं, तू कुणाच्या घरचा, आणि दोघांना घरासकट नावं द्यावीत. सदाशिवने ते सुंदर इंग्रजीत उतरवलं. मावशीला वाटलं, पोरं धपाट्याची कृती लिहून घेतायत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कॉलेजच्या ऑफिसात अर्धं कॉलेज जमलं होतं. हेडक्लार्कनी आपली खुर्ची मला दिली. लातूरचा नंबर दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. डब्यातून कर्कश किरकिर निघाली, थांबली, पुन्हा निघाली, आणि बारीक लाल दिवा लागून राहिला. पडद्यावर काही नव्हतं. मी सदाशिवचा कागद उलगडून समोर ठेवला. तेवढ्यात पडद्यावर एकेक अक्षर येऊ लागलं. इंग्रजी अक्षरं, मराठी शब्द: कोण?

दीडशे किलोमीटरवरून आलेला तो शब्द मी दोनदा वाचला आणि कीबोर्ड जवळ ओढला. "नांदेड लिही," सदाशिव कानाशी पुटपुटला. पण लिहीत होते मी. यंत्र नांदेडचं असेल, खुर्ची हेडक्लार्कची असेल. मी लिहिलं: गिरिजा.

पडद्यावर नवं अक्षर येईना. कुणी तरी म्हणालं, लाइन गेली. मग अक्षरं आली: गिरिजा तर इथे माझ्या शेजारी उभी आहे. दुसऱ्या वर्षाला आहे. तू कुठली?

ऑफिसात हशा उसळला. हे साहेबांनी मुद्दाम लिहिलं, असंच आम्हाला वाटलं. तसं नव्हतं. तिथे खरंच एक गिरिजा होती, पुढे कितीदा तरी आम्ही दोघी त्या तारेवर बोललो. पण त्या क्षणी एकच गोष्ट मला दिसली: मला पुसलं नव्हतं, विचारलं होतं. सदाशिवची दोन पानं मी बाजूला सारली आणि लिहिलं: मी नांदेडच्या कॉलेजची, ती लातूरच्या कॉलेजची. दोघीही राहू द्या.

लाल दिवा लुकलुकला. उत्तर आलं: डबा ठेवून घ्या.